दार उघडायला घरी कुणीतरी असावं

आमच्या ढब्बूला जन्मात कधी चार ओळी धड लिहिता आल्या नाहीत. शाळेत त्याचे निबंध मी लिहून द्यायचे आणि हा पठ्ठ्या ते उतरवतानाही चुका करायचा. त्यामुळे आईच्या आजारपणात त्याचे असले मेसेज यायला लागले, तेव्हा मी तोंडात बोटच घातलं. "त्रास होतोय हे वाचून मनापासून वाईट वाटलं." "काळजी वाटणं अगदी साहजिक आहे. लवकरात लवकर मार्ग काढू." म्हटलं, अगं बाई, भाऊ माझा शहाणा झाला की!

आईला फोनवर बोलणं जमायचं नाही. दोन शब्द बोलली की धाप लागायची. मोबाइलवरची अक्षरं तर तिला मुंग्यांसारखी दिसायची. शेवटी मी घरातला जुना कॉम्प्युटर तिच्या पलंगाशेजारी ओढला, तिचा नंबर त्याला जोडून दिला आणि अक्षरं इतकी मोठी केली की एका मेसेजने पडदा भरायचा. मांडीवर उशी, उशीवर कीबोर्ड. एका बोटाने, तांदळातले खडे वेचावेत तशी ती एकेक अक्षर शोधायची.

ढब्बू दुसऱ्या शहरात नोकरीला. फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीकडे लोकांच्या तक्रारी मेसेजने येतात, त्यांना ही माणसं दिवसभर कॉम्प्युटरवरून उत्तरं देत बसतात. मोबाइल दारातच कपाटात ठेवून घेतात. म्हणून त्यानेही स्वतःचा नंबर तिथल्या कॉम्प्युटरला जोडून घेतला होता आणि तिथूनच आईला लिहायचा. तो घरी गेल्यावर मी फोन केला तर उचलेल तर शपथ.

आईचा दिवस त्या उत्तरांवर निघायचा. मावशी आली की तिला वाचून दाखवायची. "बघ, 'मनापासून' म्हणतोय." मावशी म्हणायची, "अगं, लेखकच व्हायचा हा!" मी शेजारी उभी. आईला कुशीवर वळवणारी मी, अंग पुसणारी मी, तिचं सगळं सगळं करणारी मी. माझं कौतुक म्हणाल तर, "जरा हळू गं, दुखतं." जळत होते मी, खोटं कशाला बोलू?

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मूत्रपिंडं थकली होती, पाणी छातीपर्यंत चढलं होतं. म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या. आता फार दिवस नाहीत." आईलाही कळलं असावं. तिची एकच मागणी होती, ढब्बूला एकदा बघायचं. मी फोन लावत राहिले. अखेर एकदाचा उचलला आणि म्हणतो कसा, "ताई, रजाच देत नाहीत गं. वरची बाई फार खडूस आहे."

म्हटलं, थांब, त्या बाईलाच बघते. मावशीला आईजवळ बसवलं आणि सकाळची पहिली गाडी पकडून त्याचं ऑफिस गाठलं.

ढब्बूची बहीण आलीय, असा निरोप आत धाडला. वरची बाई दारापर्यंत आली, तशी मी सुरूच झाले. "आमची आई मरायला टेकलीय आणि तुम्हाला त्याला सोडवत नाही? माणसं आहात की कोण?"

ती गोंधळलीच. "आई आजारी आहे? मला आत्ता कळतंय हे. त्याने रजा मागितलीच नाही हो. मागितली असती तर त्याच दिवशी पाठवला असता."

बाईने मला पाणी दिलं आणि आत नेलं. मोठी खोली, रांगेने टेबलं, बोलणारं कुणीच नाही. नुसती बटणांची टकटक. ढब्बू पाठमोरा बसला होता, खांदे पाडून. त्याच्या पडद्यावर चौकटीच चौकटी. एकेका चौकटीत एकेक गिऱ्हाईक. उत्तराला उशीर झाला की चौकट पिवळी व्हायची, मग लाल. कुण्या बाईच्या फ्रिजमधून पाणी गळत होतं. ढब्बूने एक बटण दाबलं आणि अख्खं वाक्य धप्पकन चौकटीत पडलं. "त्रास होतोय हे वाचून मनापासून वाईट वाटलं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

"ढब्बू!"

तो वळला. चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"हे काय आहे?"

"तयार ओळी असतात, ताई. बटण दाबलं की जातात."

"आणि आईला पाठवतोस त्या?"

तो खाली बघायला लागला. "आधी स्वतःच लिहायचो गं. ती लिहायची, पाय सुजलेत, घास उतरत नाही. त्यावर काय लिहायचं सांग ना मला! लिहायचो, खोडायचो. तोवर बाकीच्या चौकटी लाल व्हायच्या. मग एकदा ही ओळ टाकली. तिला आवडली. म्हणाली, किती छान लिहायला लागलास."

माझा हात उठला होता. तो तसाच खाली आला.

"बरं, रजा का नाही मागितलीस?"

"मला नाही बघवणार तिला तसं." आता त्याला रडूच फुटलं. "बाबांच्या वेळी तू आत होतीस, मी बाहेरच उभा होतो. मला नाही जमत, ताई."

"मला जमतं असं वाटतं तुला? मी काय दगडाची आहे?"

आजूबाजूची टकटक थांबली होती. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातली एक चौकट उजळली. आईची. "ढब्बू राजा कधी येतोस."

आम्ही दोघांनी वाचलं. वाटलं, आता तरी उठेल. पण त्याचं बोट बटणावर गेलं. शपथेवर सांगते, त्याचं त्यालाच कळलं नाही. त्या हाताला सवयच तशी लागली होती. ओळ पडली. "उद्या सकाळी नक्की येणं होईल. दार उघडायला घरी कुणीतरी असावं."

दुरुस्तीला माणूस पाठवायचा असला की ही ओळ जाते म्हणे. ढब्बूने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"पूस ते आधी!"

"गेलं, ताई. तिने वाचलंसुद्धा."

"मग चल. शब्द दिलास ना? ऊठ."

वरची बाईही म्हणाली, "जा रे बाबा, मी बघते इथलं." पण हा टेबलाची कड धरून बसला. "तू हो पुढे. मी सकाळी येतो. नक्की येतो." मी त्याला लहानपणापासून ओळखते. जास्त बोलले नाही. बोलून होणार काय होतं?

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर मावशी दारातच. "अगं, उद्या येतोय तो!" आईने केस विंचरून घेतले होते. पलंगावर धुतलेली चादर होती. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा जीव दिसत होता. मला म्हणाली, "उद्या कुठे जाऊ नकोस हं. घरी कुणीतरी असावं, असं लिहिलंय त्याने."

मी एवढी फटकळ, कुणाचं म्हणून ऐकून न घेणारी. खरं सांगायला मला काय लागलं असतं? पण जीभ उचलेना. म्हटलं, "कुठे जातेय मी."

सकाळी आईने दार सताड उघडायला लावलं. मग म्हणाली, मला कुशीवर वळव, दार दिसेल असं. दूधवाला गेला, शाळेची पोरं गेली, समोरच्यांकडे कुणी पाहुणे आले. पाऊल वाजलं की आई मान उचलायची. मी आत जाऊन ढब्बूला फोन लावला. बंद. म्हणजे मोबाइल कपाटात. म्हणजे साहेब कामावर गेले होते.

"आला का गं?"

"वाटेत आहे."

"गाड्यांना उशीर होतो," आईच म्हणाली. त्याची बाजू तीच घेत होती. "उपाशीच निघाला असेल."

त्यानंतर तिला बोलता आलं नाही. ऊन उंबरठ्यावरून सरकून बाहेर गेलं आणि आईचा श्वास थांबला. डोळे दाराकडेच होते. ते मी मिटले. मावशीने हंबरडा फोडला. मला रडू येईना, नुसता संताप येत होता.

कीबोर्ड अजून उशीवरच होता. मी तो ओढून घेतला आणि लिहिलं, "आई गेली." पडदाभर अक्षरं झाली. पाठवलं आणि दात आवळून बसले. म्हटलं, येऊ दे तुझी ओळ. बघतेच, कुठलं बटण दाबतोस ते.

ओळ आली नाही. माझ्या शब्दांखाली एवढंच उमटलं, "लिहीत आहे". त्या गोड ओळी यायला लागल्यापासून हे कधी दिसलंच नव्हतं. तयार ओळीला लिहावं लागतच नाही ना. ते शब्द गेले. परत आले. परत गेले.

"काय म्हणतोय गं तो?" मावशीने डोळे पुसत विचारलं.

"काही नाही. सुचत नाहीये त्याला."

पडद्यावर पुन्हा "लिहीत आहे" आलं. बराच वेळ राहिलं. मग तेही गेलं.