खरी घंटा येईपर्यंत

मित्रांनो, मला पाहून कुणी घंटा म्हणणार नाही. मी ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचा, एक जुना, तुटका पाटा आहे. एका टोकाला गोल वळवलेले भोक, दुसऱ्या टोकाला तुटल्याची खरबरीत कड. यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगीच्या पुढे एका बंजारा तांड्यावर, कडुलिंबाच्या फांदीला मी टांगलेला आहे. माझ्या आवाजावर या तांड्याची दोन पिढ्यांची मुले शाळेत आली आहेत. ही गोष्ट मी अभिमानाने सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. मला लाल होईपर्यंत तापवले, वाकवले आणि तेलात बुडवून थंड केले. त्या दिवसापासून माझे काम ठरले. ओझे आले की वाकायचे आणि उतरले की पुन्हा पहिल्यासारखे व्हायचे. फुलचंद नावाच्या चालकाच्या ट्रकखाली मी हे काम कितीतरी वर्षे केले. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आम्ही कापसाच्या गाठी वाहायचो. एकदा पांढरकवड्याच्या अलीकडे एका मोठ्या खड्ड्यात मी मोडलो. मिस्त्रीने माझ्या जागी नवा पाटा घातला आणि मला रस्त्याकडेला फेकले. फुलचंदने मला उचलले. लोखंड चांगले आहे, कुऱ्हाड होईल, असे म्हणत त्याने मला बहिणीच्या तांड्यावर आणले.

त्याची बहीण जमनाबाई. तिचा नवरा देवीलाल हा तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख. माझी कुऱ्हाड व्हायची होती ती देवीलालच्याच घरी. पण त्याच आठवड्यात तांड्याला वस्तीशाळा मंजूर झाली. मोठी शाळा नाल्यापलीकडे लांब होती आणि पावसाळ्यात लहान मुलांना तिथे जाता येत नसे. अशा वस्त्यांवर छोट्या शाळा काढायचे सरकारने ठरवले होते. शाळेला इमारत नव्हती. कडुलिंबाची सावली होती, आणि पावसात देवीलालची ओसरी. बसायला प्रत्येक मुलाने नाल्यातून आपापला दगड निवडून आणला होता.

शिकवायला विमलताई आल्या. फुलसावंगीच्या बौद्ध वस्तीत राहणाऱ्या, बारावी झालेल्या, सायकलवर येणाऱ्या. त्यांची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असायची. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवा आदेश आला तर शाळा पुढे चालणार. पुढे त्यांच्या पदाला 'निमशिक्षक' असे नाव मिळाले.

तेव्हा जमनाबाईने त्यावरून चेष्टा केली. "निम म्हंजे अर्धी मास्तरीण का वं? मंग अर्धीच बाराखडी शिकव पोट्ट्यांले!"

पहिल्या दिवशी देवीलालने कापसाच्या गाठी बांधायच्या तारेने मला फांदीला बांधले आणि हातात सबलीचा, म्हणजे पहारीचा, एक तुकडा घेऊन ठोका दिला. माझा आवाज नाल्यापलीकडे गेला. कुत्री भुंकू लागली.

"खरी घंटा येईपर्यंत हेच लटकू द्या, बाई," तो म्हणाला.

"चालते, नाईकजी," विमलताई हसल्या. "मी बी खरा मास्तर येईपर्यंतच हाय."

अशा रीतीने आम्ही दोघे एकाच दिवशी तात्पुरते कामाला लागलो.

ती वर्षे कापसाची वाईट वर्षे होती. कधी बोंडअळी, कधी पावसाचा खंड, आणि पीक हाती आले तर भाव नाही. मजूर लावून वेचणी करणे तांड्याला परवडत नव्हते. त्यामुळे दिवाळी झाली की आईबाप मुलांना घेऊनच शेतात जात. पहिल्या वर्षी कार्तिकात मी अकरा वाजता वाजलो तेव्हा दगडांवर तीन मुले होती. विमलताईंनी कुणाला बोल लावला नाही. त्या शेतात जाऊन बघून आल्या.

त्यांनी पाहिले ते असे. सकाळी कपाशीवर दव असते. ओला कापूस वेचला तर तो पिवळा पडतो आणि व्यापारी तो बाजूला काढतो. म्हणून दव सुकेपर्यंत कुणी वेचायला जात नाही. म्हणजे तेवढा वेळ मुले मोकळी होती. दुसऱ्या दिवसापासून विमलताई अंधुक उजेडात सायकल हाणत येऊ लागल्या. मी पहाटे वाजलो की शाळा भरायची आणि ऊन कपाशीवर चढले की सुटायची. दुपार कलल्यावर मी पुन्हा वाजायचो. मुले कापूस भरायच्या कमरेच्या ओट्या सोडून यायची, केसांत कापसाचे धागे घेऊनच. वेचणी संपली की शाळा पुन्हा अकराची होई. तांडा या शाळेला 'दवाची शाळा' म्हणू लागला. कागदावर मात्र वेळ बाराही महिने अकराची होती.

मित्रांनो, यातूनच एक कसोटीचा दिवस उभा राहिला.

अशीच चार-पाच वर्षे गेली होती. त्या वर्षी बातमी आली की तालुक्यातल्या सगळ्या वस्तीशाळांची तपासणी होणार. पट कमी दिसेल ती शाळा बंद. शाळा बंद झाली की शिक्षकाची सेवा तुटणार, आणि सेवा तुटली की पुढे कायम होण्याच्या यादीत नाव नाही. साहेब कोणत्या दिवशी येतील ते कुणाला माहीत नव्हते. विमलताईंच्या घरी आजारी वडील होते आणि धाकट्या भावाचे शिक्षण चालू होते. पण त्या नेहमीसारख्या पहाटे आल्या आणि दव सुकल्यावर शाळा सोडून पोषण आहाराचा तांदूळ आणायला फुलसावंगीला गेल्या.

त्या गेल्या आणि तिकडून फुलचंद मोटारसायकल दामटत आला. फुलसावंगीच्या चौकात सरकारी जीप चहाला थांबली आहे, असे त्याने सांगितले.

देवीलाल घाबरला. सगळी मुले वावरावावरांत पांगली होती. मग त्याला एक युक्ती सुचली. तांड्यावर लग्न असले की मांडव रिकामा दिसू नये म्हणून शेजारच्या तांड्यातले सोयरे बोलावतात. त्यांनी यायचे, बसायचे आणि मांडवाची शोभा वाढवायची. देवीलालला वाटले, शाळेचेही तसेच असते. नाल्याजवळच्या तांड्यावर त्याचे सोयरे होते. त्यांच्या जमिनीत कापूस नव्हता, ज्वारी होती, त्यामुळे मुले रिकामी होती. अर्ध्या तासात त्याने ती सगळी आणून दगडांवर बसवली.

माझा आवाज वावरापर्यंत जातो, पण मला वाजवायचे त्याच्या लक्षात राहिले नाही.

विमलताई तांदूळ घेऊन परतल्या तेव्हा जीप आलेली होती. शिक्षण विस्तार अधिकारी अनंतराव, राहणारे पुसदचे, खुर्चीवर बसले होते. समोर एकही दगड रिकामा नव्हता.

"या ताई," ते म्हणाले. "वेचणीच्या दिवसांत एवढा पट? सकाळपासून दोन शाळा पाहिल्या, दोन्ही ओस. इथे बरं वाटलं."

देवीलाल साहेबांच्या मागून खुणा करत होता. विमलताईंनी फक्त गप्प राहायचे होते. त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि मुलांकडे एकदा नीट पाहिले.

"साहेब, हे पोट्टे माह्या शाळेतले नाहीत."

"बाई!" देवीलाल कळवळला. "काहून सांगू राह्यली?"

अनंतरावांचा चेहरा बदलला. "मग तुमची मुलं कुठे आहेत?"

"कापसात."

"शाळेच्या वेळात?"

"शाळा झाली, साहेब. सकाळीच. दव सुकेपर्यंत भरते, मंग दुपारी भरते."

"परवानगी कुणाची घेतली?"

उत्तर जमनाबाईने दिले. "दव अकरा वाजेपर्यंत थांबते का, साहेब? तुमीच सांगा त्याले थांबाले."

साहेब हसले नाहीत. "हे बघा, तुम्ही परक्या तांड्याची मुलं बसवता आणि तुमची सकाळी येऊन गेली म्हणता. मी कशावरून खरं मानू?"

विमलताई माझ्याजवळ आल्या. सबलीचा तुकडा उचलून त्यांनी मला तीन ठोके दिले. मी अंगातला सगळा आवाज बाहेर काढला.

काही झाले नाही. ऊन तापले होते. ही माझी रोजची वेळ नव्हती. हातातली वेचणी टाकून मुलांनी का यावे, आयांनी का सोडावे? देवीलाल खाली बघत उभा राहिला. साहेबांनी पेनाचे टोपण काढले.

विमलताईंनी पुन्हा तीन ठोके दिले.

मग पलीकडच्या वावरात, पांढऱ्या ओळींच्या वर, एक डोके दिसले. मग दुसरे. मग बांधावरून मुले पळत सुटली. कमरेला भरलेल्या ओट्या तशाच होत्या आणि धावताना कापूस सांडत होता. मागून आया धावत होत्या, अवेळी घंटा वाजली म्हणजे काही वाईट झाले अशा समजुतीने.

सगळ्यांत आधी मोनाली पोचली. देवीलालची नात, तिसरीतली. तिच्या दगडावर तिच्यापेक्षा मोठा, परका मुलगा बसला होता. तिने कमरेवर हात ठेवले.

"ऊट! यी भाटा मार छ!"

"काय म्हणते ही?" साहेबांनी विचारले.

जमनाबाईने सांगितले, "म्हणे ऊठ, हा दगड माहा हाय."

तो मुलगा उठला. मग एकेक करून सगळेच उठले, कारण प्रत्येक दगडाचा मालक आला होता. कुणाला कुठे बसायचे ते सांगावे लागले नाही. धापा टाकत मुले आपापल्या जागी बसली आणि मोनालीने न सांगता सकाळची कविता सुरू केली. बाकीची मुले तिच्यामागे म्हणू लागली. आयांनी पदराने घाम पुसला आणि साहेबांकडे रोखून पाहिले.

अनंतरावांनी टोपण पुन्हा लावले. कविता शेवटपर्यंत ऐकली. मग बाजूला उभ्या राहिलेल्या परक्या मुलांना त्यांनी विचारले, "तुम्ही कोणत्या शाळेत जाता रे?"

"त्यांच्या तांड्यावर शाळाच नाही, साहेब," देवीलाल पुटपुटला.

"नाईक, आज एका दिवसापुरती आणली होती ना ही मुलं?" अनंतराव म्हणाले. "आता रोज आणा. आणि येताना त्यांचे दगड घेऊन यायला सांगा."

जाताना ते विमलताईंना म्हणाले, "वेळ बदलायचा अर्ज उद्याच द्या. नियम म्हणजे नियम. पण ताई, तुम्ही गप्प बसला असता तर मला काही कळलं नसतं."

"पोट्ट्यांले कळलं असतं, साहेब. उद्या सकाळी मले त्यांच्याच पुढं उभं राहाचं हाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वाजलो तेव्हा नाल्याकडून एक रांग येत होती. प्रत्येकाच्या डोक्यावर एक दगड होता.

शाळा टिकली. विमलताईंची सेवा तुटली नाही. त्यानंतरची वर्षे सोपी होती असे नाही. सुट्ट्यांमध्ये पुसदला राहून त्यांनी शिक्षणाची पदविका पूर्ण केली. हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरले की वस्तीशाळांचे शिक्षक मोर्चा काढत, आणि त्यांत त्याही असत. त्या दिवसांत मला मोनाली वाजवायची. दर जूनला नवा आदेश हाती आला की विमलताई आधी माझी तार तपासत. गंजलेली दिसली की स्वतः स्टुलावर चढून नवी बांधत. आपलेही तसेच आहे, असे त्या कधी बोलल्या नाहीत. मला ते कळत होते.

अखेर सरकारने वस्तीशाळांच्या शिक्षकांना कायम केले. बातमी फुलचंदनेच आणली, त्याच मोटारसायकलवरून. विमलताई भागाकार शिकवत होत्या. त्यांनी हातातले उदाहरण पूर्ण केले, खडू ठेवला आणि माझ्याजवळ येऊन माझ्या थंड अंगाला कपाळ टेकवले.

जमनाबाई ओसरीवरून ओरडली, "आता पुरी मास्तरीण झाली वं! पुरी!" आणि ती रडू लागली.

पण कायम माणसाची बदली होते, हे तांड्याला नंतर कळले. विमलताईंची नेमणूक केळापूर तालुक्यात, जंगलाकडच्या एका शाळेवर निघाली.

"हे कायम कसं, बाई?" देवीलाल चिडला. "कायम म्हंजे इथंच राह्यलं पाह्यजे ना!"

"कायम मी झाली, नाईकजी. जागा नाही."

त्याने मला काढून त्यांच्या सामानात द्यायची तयारी केली. विमलताईंनी त्याचा हात धरला. "हे इथलं हाय. पोट्टे याच्याच आवाजावर येतात." मग फुलचंदकडून त्यांनी ट्रकची जाड साखळी मागून घेतली. गाठीची तार सोडली आणि साखळीने मला फांदीला जखडले. माझी नेमणूक कायम झाली ती त्या दिवशी.

आता इथे खोली आहे, फळा आहे, आणि दारावर पितळेची चकचकीत घंटा आहे. दिसायला ती माझ्यापेक्षा देखणी आहे. पण तिचा आवाज बांधापर्यंत जात नाही. त्यामुळे कार्तिक लागला, कपाशीवर दव पडू लागले, की पहाटे सबलीचा तुकडा घेऊन कुणीतरी अजूनही माझ्याकडेच येते.

यंदा जी येते ती मोनाली आहे. तीच आता इथे शिकवते. पहिल्या दिवशी म्हाताऱ्या देवीलालने तिला विचारले, "काय वं, लागली का नोकरी?"

ती हसली. "कंत्राटी हाय, आजा. खरा मास्तर येईपर्यंत."

देवीलालने माझ्याकडे पाहिले. मग तो साखळीजवळ आला आणि त्याने तिच्या प्रत्येक कडीवरून बोट फिरवले.

मित्रांनो, मी लोखंड आहे, मला फार बोलता येत नाही. एवढेच सांगतो. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, कचेरीत कुणीतरी असे तारेवर टांगलेले असेल आणि त्याच्या आवाजावर तुमचा दिवस सुरू होत असेल. खऱ्याची वाट पाहत बसू नका. जे टांगलेले आहे तेच खरे आहे. कुणाच्या लक्षात येवो न येवो, वर्षातून एकदा वर हात करून त्याची तार बघा. आणि ती गंजलेली दिसली, तर साखळी आणा.