सात पायऱ्यांचं स्वागत

काकांनी सकाळीच जाहीर केलं, "आज नाही जमलं तर लॅपटॉप तुझा तुला परत. या वयात हसं नको."

चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला हा माणूस तीन महिन्यांपासून प्रोग्रॅमिंग शिकत होता. पुतणीने कोड एडिटरसाठी, म्हणजे कोड लिहायच्या सॉफ्टवेअरसाठी, एक एक्स्टेन्शन, छोटी जोड-सोय, केली होती. तिच्यात कोडच्या ओळीशेजारी, समासात, आपल्या शब्दांत टीप लिहायची. कल्पना काकांच्याच समासातल्या खुणांवरून सुचलेली. नवख्याला हाताला धरून नेणारा सात पायऱ्यांचा वॉकथ्रू तिने आठवडाभर खपून रचला होता. पहिले नवखे अर्थातच काका. ते वाचत असताना तिने अवाक्षर काढायचं नाही, असं ठरलं.

स्वागत, हेतू, फायदे, रंगांची निवड. काका एकेक शब्द वाचत होते.

"नमनालाच घडाभर तेल घातलंस गं! आणि तिसऱ्या पायरीत 'सुविधा' दोनदा आलंय."

पाचव्या पायरीवर एकदाचं बटण आलं, 'पहिली टीप लिहा'. काकांनी ते दाबलं. पायरीसमोर हिरवी बरोबरची खूण उमटली. बाकी काहीच नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, चष्मा पुसला, पुन्हा दाबलं.

"यंत्र म्हणतंय झालं, आणि मला तर काही दिसत नाही," ते हळूच म्हणाले. "मलाच जमत नाही, बाळा." लॅपटॉप मिटायला त्यांचा हात पुढे झाला.

तिला राहवलं नाही. "काका, थांबा! चूक माझी आहे. टीप उघड्या फाइलमध्ये पडते. माझ्याकडे सदा फाइल उघडी असते, तुमच्याकडे एकही नाही. आणि खूण नुसतं बटण दाबलं तरी लागते."

"म्हणजे न वाचताच पास केलेलं मुद्रित!" काकांचे डोळे चमकले. "आमच्याकडे कान उपटले असते तुझे."

"उपटा, पण बसा."

उपदेश कुठे पळून जात नाही. तहानेल्याला आधी पाणी द्यावं. तिने पहिल्या चार पायऱ्या उडवल्या. आता बटण दाबलं की तीन ओळींची नमुना फाइल उघडणार होती, आणि टीप लिहिल्याशिवाय खूण लागणार नव्हती.

काकांनी बटण दाबलं, फाइल उघडली. दुसऱ्या ओळीशेजारी त्यांनी लिहिलं, 'ही कशाला?' खूण लागली. पण पुढच्या पायरीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"ही ओळ काढली तर गं?"

"काढून बघा."

त्यांनी ती काढली आणि प्रोग्रॅम चालवला. खाली चूक सांगणारी लालभडक अक्षरं उमटली.

"अगं, कोसळलं की सगळं!" काका खुशीत म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून ती लाल अक्षरं वाचू लागले.