खाकी कव्हर

नानासोंच्या हाताखाली अठरा वर्षांत एक कागद हरवला नव्हता, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारताही सांगत. रस्ते-बांधकामाच्या त्या छोट्या कचेरीचं रेकॉर्ड ते सांभाळत. साहेब येत नि बदलून जात. लोखंडी कपाटाची किल्ली मात्र नानासोंच्या करदोड्याला कायम.

दिल्लीहून त्या कचेरीला रस्त्यांच्या संशोधनाच्या पुस्तिका येत, इंग्रजीत, गुळगुळीत कागदावर. नानासो पोचपावतीवर सही करत, नोंदवहीत ‘पुस्तिका, एक नग’ असं लिहीत आणि पुस्तिका घरी नेत. कचेरीचं पुस्तक बाहेर न्यायचं नाही हा नियम त्यांचाच, पण कव्हर घालण्यापुरती सूट त्यांनी स्वतःला दिली होती. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं त्यांची मुलगी राही खळ लावून खाकी कव्हर चिकटवी आणि वर वळणदार नंबर टाकी. मग पुस्तिका कपाटात जाई, ती कायमची. आत काय आहे ते देव जाणे. नानासोंचं इंग्रजी पत्ता वाचण्यापुरतं, आणि देवाला त्या कपाटात रस नव्हता.

राही नववीत होती. त्यांच्या वाडीपासून कडेगावचं हायस्कूल चार मैल, मधलं सगळं रान काळं. उन्हाळ्यात मुरूम-खडी पसरून रस्ता करायचा आणि श्रावणापर्यंत तो काळ्या रानानं गिळायचा, हा दरसालचा नेम. पंचाहत्तर सालच्या पावसात एसटी दोनदा रुतली. डेपोनं कळवलं, पुढच्या पावसात रस्ता टिकला नाही तर गाडी बंद. उसाच्या फडांमधून चार मैल तरण्या पोरीला चालत कोण धाडणार? नानासोंच्या बायकोनं, बनुबाईनं, एका वाक्यात निकाल दिला, "गाडी बंद, तर शाळा बंद."

रस्त्याचं काम मानसिंग ओव्हरसियरकडं होतं. दिवाळीनंतर तो नानासोंच्या टेबलापाशी आला.

"नानासो, काळ्या मातीत चुना कालवला तर रस्ता धरतो म्हणं. पर किती कालवायचा, किती दिस मुरू द्यायचा, कायबी ठावं न्हाई. दिल्लीचं काय पुस्तक आलंय का?"

"चुन्याचं तसलं काय न्हाई बा आपल्याकडं," नानासो नोंदवही चाळत म्हणाले. नोंदवहीत खरंच चुना कुठं नव्हता. सगळीकडं एक नग, एक नग.

"कपाट उघडून बघूया की."

"बेचाळीस कव्हरं मळवू व्हय रं? तपासणीला साहेब आला तर तू जाब देनार? दिल्लीलाच लिही."

मानसिंगनं दिल्लीला लिहिलं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, उत्तर येईना. पाऊस तोंडावर आला तेव्हा त्यानं नेहमीसारखाच मुरूम पसरला नि रोलर फिरवला. नानासोंनी वाडीच्या मारुतीपुढं नारळ फोडला. रस्त्यासाठी आपल्या हातात होतं तेवढं आपण केलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

जुलैत रस्ता खचला. एसटी बंद झाली. राहीचं दप्तर खुंटीला लागलं, आणि ती आईबरोबर रानात भांगलणीला जाऊ लागली.

ऑगस्टात दिल्लीचं पत्र आलं. मानसिंगनं ते वाचलं आणि नानासोंपुढं ठेवलं. हवी ती पुस्तिका तीन वर्षांपूर्वीच आपल्या कार्यालयाला पाठवली आहे, पोचपावतीची नक्कल सोबत. खाली सही नानासोंची, लांब शेपटीसकट.

"काखेत कळसा म्हनत्यात," मानसिंग म्हणाला. "आपला तर कुलपात हुता." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि नानासोंना तेच जास्त लागलं.

तारखेवरून नंबर सापडला, सत्तावीस. मानसिंगनं दोन दिवस कचेरीत बसून हवं ते उतरून घेतलं. पण भर पावसात काम होणार कसं? रस्ता आता पुढच्या उन्हाळ्यात.

तिसऱ्या दिवशी नानासोंनी सत्तावीस नंबर पिशवीत घातला आणि चिखल तुडवत घरी आले. आत नेमकं काय होतं ते त्यांना स्वतःला ऐकायचं होतं. राही चुलीपुढं भाकरी थापत होती.

"पोरी, ह्यात काय हाय तेवढं वाचून दाव."

राहीनं हात पुसले. कव्हरावरचा आपलाच सत्तावीस तिनं ओळखला.

"मधल्या पानावर घमेल्यातनं चुना वतनाऱ्या बाईचं चित्र हाय," ती म्हणाली. पुस्तिका अजून मिटलेलीच होती.

"तुला कसं ठावं?"

"कव्हर घालताना बघितलं हुतं. ती बाई रस्त्यात चुना का वतती म्हनून वाचाय बसले, तर तुमी वराडला. पानं उलटू नगंस, मळत्यात म्हनाला."

नानासोंना ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला. ते उंबऱ्यावरच टेकले.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती उलटायचं राहीनं मनावर घेतलं नाही. पुस्तिका मांडीवर ठेवून ती बापाकडं बघत राहिली.

"आबा, आता उलटू का पानं?"