करडी खूण

फहादच्या नावापुढची खूण पुन्हा करडी झाली होती.

रझियाने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि परत लावला. चष्म्यावर खापर फोडून भागण्यासारखं नव्हतं. मच्छीमार सोसायटीच्या त्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर बेचाळीस होडीवाल्यांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक चौकोन. चौकोनात खूण असली तर होडी बंदराला लागली, नसली तर दर्यात. सकाळी सगळे समुद्रावर गेलेले, म्हणून एकेचाळीस चौकोन रिकामे होते. बेचाळिसाव्यात मात्र राखेच्या रंगाची खूण होती.

सोसायटीत कारकुनी करणाऱ्या रझियानेच हा प्रोग्राम लिहिला होता. चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर क्लासला जाऊन, पोरासोरांच्या टिंगलीकडे कानाडोळा करून ती व्हिज्युअल बेसिक शिकली. पूर्वी सोसायटीच्या भिंतीवर फळा असायचा आणि परत आलेला माणूस आपल्या नावापुढे स्वतःच्या हाताने खडूची रेघ मारायचा. दुसऱ्याने मारलेली रेघ वाडीला चालत नसे. त्या माणसाचं बरं होत नाही म्हणत. रझियाने तो रिवाज जसाच्या तसा ठेवला. माउसची वायर लांब करून घेतली आणि खिडकीतून माउस बाहेर दिला. माशांच्या वासाच्या हातांनी सगळे जाताना आपापली खूण काढत आणि आल्यावर पुन्हा करत. फहाद तर टिचकी मारायच्या आधी बिस्मिल्ला म्हणायचा.

चार महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरात, फहाद एकटाच आपली होडी घेऊन गेला. पडद्यावर तो त्या संध्याकाळी परत आलेला होता. वाडीत मात्र त्याला कुणीच पाहिलं नाही. होडीही सापडली नाही. मग लोकांच्या जिभेला हाड राहिलं नाही. होडी विकून मुंबईला पळाला, तिकडे दुसरी बाई ठेवली, असं जो तो डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगू लागला.

करडी खूण गेल्या महिन्यापासून यायला लागली. घाबरून तिने क्लासच्या विनोद सरांना बोलावलं. सरांनी सगळा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला.

"रिकामा म्हणजे शून्य, खूण म्हणजे एक. करडी म्हणजे दोन. होही नाही आणि नाहीही नाही," सर म्हणाले. "पण माउसने ती येतच नाही, मॅडम. कोडमध्ये दोन लिहावं लागतं. तुम्ही तर कुठेच लिहिलेलं नाही."

"मग कोण करतं?"

सरांनी चहा अर्धाच ठेवला आणि कामाचं निमित्त काढून निघाले.

करड्या खुणेवर पहिली टिचकी मारली की चौकोन रिकामा व्हायचा, दुसरीला काळी खूण उमटायची. तो रिकामा चौकोन नजरेला पडू नये म्हणून रझिया दोन्ही टिचक्या भरभर मारायची. आज ती माउसकडे हात नेतच होती, तेवढ्यात दारात फहादची बायको हुदा उभी राहिली.

"आपा, त्या दिवसाच्या यादीचा कागद हवाय. तुमच्या सहीचा."

"कशाला गो?"

"काझीसाबांना द्यायचाय. भाऊ आलाय दापोलीहून. नवरा बंदराला लागला आणि मला टाकून गेला, असं लिहून निकाह मोडून घ्यायचा बोलतो."

"तुला पटतं?"

"मला पटत नाय. पण खूण ज्याची त्यानंच करायची, आख्खी वाडी मानते. मग तो आला नाय, हे मी कोणाला सांगू?"

एक सही केली की फहाद कायमचा पळपुटा ठरणार होता. नाही केली तर का नाही ते सांगावं लागणार, आणि रझियाचं तोंड वाडीत काळं होणार होतं. पडद्यावरची ती राखाडी खूण तिच्याकडेच बघते आहे असं तिला वाटलं, आणि त्या भीतीपेक्षा लाज मोठी झाली.

"ती खूण त्यानं नाय केली, हुदा. मी केली."

हुदा दारातून आत आली.

"भाचीच्या लग्नाला जायचं होतं, चिपळूणची शेवटची एसटी होती. खाडीच्या तोंडाशी हिरवी होडी दिसली. वाटलं, फहादच येतोय. ती दुसऱ्याची निघाली. रात्री वारा सुटला, पण यादीत सगळे आलेले. म्हणून शोधायला कोणी गेलंच नाय."

पंखा घरघरत होता. हुदा खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"म्हणजे तो मला टाकून गेला नाय," ती सावकाश म्हणाली.

"नाय गो."

"कुठली त्याची खूण?"

रझियाने बोट दाखवलं. हुदाने माउस हातात घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि टिचकी मारली. चौकोन पांढरा झाला. सवयीने रझियाचा हात दुसऱ्या टिचकीसाठी पुढे गेला. हुदाने तो मनगटाशी धरला आणि तसाच धरून ठेवला. मग तिला रडू फुटलं.

संध्याकाळी रझियाने चेअरमनना सगळं सांगितलं. ते उठले आणि वाडीत सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॉम्प्युटर सुरू केला. फहादचा चौकोन पांढराच होता. खरं म्हणजे तिला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या करड्या खुणेतून फहाद कुठूनसा येऊन उभा राहत होता, आता तेही होणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

दिवस कलल्यावर होड्या लागल्या. एकेक जण खिडकीशी येऊन आपली खूण करून गेला. सगळ्यात शेवटी म्हातारा गनी आला. त्याचं नाव फहादच्या खाली होतं. त्याने पडद्यावरचा बाण खाली आणता आणता मध्येच थांबवला, आणि त्या पांढऱ्या चौकोनाला लांबून वळसा घालून आपल्या नावाशी नेला.