घराणं नसलेला अच्चन

पणजोबांपासून आमच्या गावच्या चर्चला अच्चन, म्हणजे धर्मगुरू, दिला तो आमच्याच पुत्तनपुरा घराण्याने. पुढचा अच्चन मीच, हे सगळं गाव धरून चाललं होतं. पण बिशपांनी आणून बसवला कोण, तर अनाथाश्रमात वाढलेला पैली! त्याच्या हातात प्रसादाची भाकर आणि मदतनीस म्हणून माझ्या हातात धूप. माझी सख्खी आईसुद्धा मऊसूत अप्पम त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका रविवारी प्रार्थनेनंतर अंगणात मी सगळ्यांदेखत विचारलं, "अच्चन, तुमचं घराणं कोणतं?"

आमच्याकडे नावाआधी हेच विचारतात, त्यामुळे मला कोण टोकणार?

पैली हसला. "मलकीसदेक याजकाचं कोणतं होतं रे? शास्त्रात ना त्याच्या बापाचा पत्ता, ना आईचा. तरी तो भाकर नि द्राक्षारस घेऊन आला, तेव्हा अब्राहामासारख्या मूळपुरुषाने वाकून त्याचा आशीर्वाद घेतला. आणि येशू त्याच्याच परंपरेतला याजक."

"अब्राहामाने घेतला असेल," मी फणकारलो. "पण याजकांचं खरं घराणं लेवीचं. तो कुठे वाकला?"

"लेवी तेव्हा जन्मलाही नव्हता. पणजोबाच्या, अब्राहामाच्या, रक्तातच होता ना? पणजोबा वाकला, तेव्हा तोही वाकलाच."

एवढ्यात माझे आजोबा, आमच्या घराण्याचे कर्ते, काठी टेकत उठले. पैलीपुढे वाकून त्यांनी त्याच्या हाताचं चुंबन घेतलं.

मी ताठच उभा होतो. तरी सगळं अंगण माझ्याकडे असं बघत होतं, जणू मीही वाकलोच होतो.