कोरडा पूर

नदी चढते आहे हे मोजणीबाईंना आधी नाकाने कळलं, डोळ्यांना नंतर.

मंगळवारचे अकरा वाजले होते. त्या नेहमीप्रमाणे पुलाच्या खांबावरच्या पट्टीचा आकडा वाचायला दगडी पायऱ्या उतरत होत्या. आभाळ निरभ्र होतं. बावीस दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. आणि पाण्यावरून भिजलेल्या राखेचा वास येत होता, विझत्या निखाऱ्यावर कुणी तांब्याभर पाणी ओतावं तसा. बाई थबकल्या. आजूबाजूला धूर नव्हता, आग नव्हती. मग त्यांनी पट्टी पाहिली. दहा वाजता पाणी एकशे दहावर होतं, आता एकशे चौदावर.

चार सेंटिमीटर म्हणजे काही फार नव्हे. पण उन्हाळ्यात उतरणीला लागलेली नदी चार सेंटिमीटर चढते कशी?

बाईंच्या हुद्द्याचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं, की पाटीवरही ते दोन ओळींत लिहावं लागलं होतं. त्यामुळे गावाला त्या नुसत्या मोजणीबाई. वीस वर्षं त्या हीच नदी मोजत होत्या. त्यांच्या आधी त्यांचे वडील मोजायचे. लहानपणी त्यांनी लेकीला समजावलं होतं, "पाऊस म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी. पडला की लगेच नदीत पोचला असं नसतं. आधी माती पोटभर पिते, मग उतारावरून ओघळ निघतात, ओघळांचे ओढे होतात. जवळची मंडळी आधी येतात, लांबची उशिरा. म्हणून पाऊस थांबला तरी नदी चढत राहते आणि उतरताना सावकाश उतरते." या नदीचा हिशोब बाईंना तोंडपाठ होता. डोंगरावरचा पाऊस पुलाखाली यायला सात तास, पलीकडच्या पठारावरचा यायला दीड दिवस.

कचेरीत येऊन त्यांनी तेराही पर्जन्यमापक केंद्रांना फोन लावले. तेराही ठिकाणी शून्य. वरच्या बंधाऱ्यावर विचारलं, तर दारं बंद. बारा वाजता नदी आणखी अकरा सेंटिमीटर चढलेली होती, एक वाजता आणखी सात, दोन वाजता दोन. आणि तिथेच थांबली. ना खाली, ना वर.

कचेरीचे साहेब वयाने बाईंपेक्षा लहान, पण समजूतदार माणूस. ते स्वतः पायऱ्या उतरून आले आणि बाटलीत पाणी भरून उजेडात धरून पाहिलं. चढत्या नदीचं पाणी चहासारखं असतं. हे काचेसारखं नितळ होतं, आणि इतकं गार, की साहेबांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली.

"इथे कुठेतरी पाणी मुरतंय, बाई," ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

"मुरत नाहीये, साहेब. निघतंय," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

संध्याकाळी त्या घरी गेल्या तेव्हा आई दारातच उभी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण नाक शाबूत. लेकीच्या ओल्या पदराजवळ तिने श्वास घेतला आणि तिचा चेहराच उतरला.

"हा वास कुठून आणलास?"

"नदीचा आहे, आई."

"नदीचा नाही. त्या पावसाचा आहे," आई म्हणाली आणि खाली बसली.

कुठला पाऊस, हे विचारायची गरज नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी डोंगरावरची लाकडाची वखार जळाली होती. उतारभर राखेचा थर बसला आणि आठवड्याने त्याच उतारावर पाऊस कोसळला. सगळ्या गावाला दोन दिवस राखेचा वास येत होता. वडिलांनी आकडे पाहिले, दारोदार फिरून नदीकाठची अख्खी आळी रिकामी केली आणि माणसं टेकडीवर नेऊन बसवली. अकरा वर्षांच्या मोजणीबाईही तिथेच होत्या, ताडपत्रीखाली, आईच्या कुशीत. सगळे वाट पाहत राहिले. नदी बोटभरही वाढली नाही. तिसऱ्या दिवशी लोक भिजलेल्या गाद्या डोक्यावर घेऊन खाली उतरले, आणि वडिलांचं नाव पडलं 'कोरडा पूर'. ते रस्त्याने निघाले की पोरं ओरडायची, "पळा, पळा, कोरडा पूर आला!" वडील मरेपर्यंत एकच सांगत राहिले, "एवढं पाणी पडलंय ते मी मोजलंय. ते कुठेतरी आहे." कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर घरातही कुणी ऐकलं नाही.

आईने ट्रंकेतून त्यांची नोंदवही काढून दिली. बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती उघडली आणि शेजारी आपली वही ठेवली.

वडिलांचं अक्षर टपोरं होतं. त्या पावसाचा पहिला दिवस. दहा ते अकरा, चार मिलिमीटर. अकरा ते बारा, अकरा. बारा ते एक, सात. एक ते दोन, दोन. त्यापुढे शून्य.

बाईंनी आपली वही पाहिली. चार, अकरा, सात, दोन. तिथे पावसाचे मिलिमीटर, इथे नदीचे सेंटिमीटर.

योगायोग म्हणावा, तर चार आकडे ओळीने जुळत नाहीत. आणि त्याहून विचित्र गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पाऊस कितीही टोकदार पडला तरी नदी त्याला गोल करते, चार तासांची सर दोन दिवसांवर पसरते. इथे काहीच पसरलं नव्हतं. जसा पडला तसाच, तासाला तास, तो पाऊस डोंगरातून बाहेर येत होता. जणू कुणी तो घडी करून ठेवला होता.

त्यांनी पान उलटलं. तेवीस तास शून्य. मग दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते दोन, अडतीस. दोन ते तीन, एकसष्ट. तीन ते चार, चौऱ्याहत्तर. चार ते पाच, बावन्न. त्यापुढे पान कोरं.

नदीकाठची आळी बुडायला दोन मीटर पुरे होते. हे सव्वादोन भरत होतं, आणि पुढचं माहीतच नव्हतं.

"आई, उद्या दुपारी एक वाजता पूर येणार आहे."

आई म्हणाली, "त्यांचं झालं तेवढं हसं पुरे नाही का? आता तू?"

बाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी स्वयंपाकघरात आल्या तेव्हा आईने भांडीकुंडी बांधून दाराशी ठेवली होती, आणि वर स्वतःची औषधांची पिशवी.

साहेबांनी दोन्ही वह्या पाहिल्या. तीनदा पाहिल्या. "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण अशा उन्हात भोंगा वाजवला तर वरचे मला विचारतील, कशाच्या आधारावर? काय सांगू? बत्तीस वर्षांपूर्वीच्या पावसाच्या?"

"मग भोंगा नको. मला आळीत जाऊन येऊ द्या."

आळीत सगळ्यात खाली पावाची भट्टी होती. भट्टीवाले काका हलले तर आळी हलेल, हे बाईंना ठाऊक होतं. 'कोरडा पूर' हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, हेही ठाऊक होतं. त्या पोचल्या तेव्हा काका तळघराच्या जिन्यात बसले होते. आता त्यांनी साठी ओलांडली होती. हातात पिठाचं रिकामं पोतं होतं.

"बरं झालं आलीस. हे बघ काय चाललंय," ते म्हणाले.

तळघराच्या भिंतीत, विटांच्या सांध्यांतून, पाणी येत होतं. ठिबकत नव्हतं, वाहतही नव्हतं, नुसतं बाहेर येऊन उभं राहत होतं. जमिनीवर वीतभर साचलं होतं आणि तळाची फरशी इतकी स्वच्छ दिसत होती, की पाणी आहे हे पाय घातल्यावरच कळत होतं. आवाज कसलाच नव्हता.

"पीठ हलवलं मी. पण वास जाईना," काका म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. "हा वास मला माहीत आहे गं. टेकडीवरून उतरल्यावर आठवडाभर माझ्या केसांना येत होता."

बाईंनी वह्या उघडल्या आणि सांगितलं. काका आकडे वाचत नव्हते, बाईंच्या तोंडाकडे पाहत होते.

"तुझ्या बाबांना ते नाव मी ठेवलं होतं."

"माहीत आहे, काका."

"किती वाजता म्हणालीस?"

"एक वाजता."

काकांनी भट्टीतून निम्मे भाजलेले पाव बाहेर ओढले, भट्टी बंद केली, पत्र्याचा एक रिकामा ट्रे उचलला आणि रस्त्यावर येऊन लाटण्याने बडवायला सुरुवात केली. "चला! उठा! टेकडीवर चला! मी सांगतोय ना, चला!" कुणी हसलं. कुणी म्हणालं, काकांना ऊन लागलं. पण दोन-तीन घरांच्या मोऱ्यांतून सकाळपासून गार पाणी वर येत होतं, आणि ती घरं सगळ्यात आधी निघाली. साडेबाराला साहेबांनी भोंगा वाजवला. कुणाला काय उत्तर द्यायचं ते त्यांनी मागाहून ठरवलं असावं.

एक वाजता टेकडीवर आळीतली सव्वाशे माणसं उभी होती. ऊन इतकं लख्ख होतं, की छत्र्या उघडल्या होत्या.

पुराला आवाज असतो. तो आधी घोंघावतो, झाडं मोडतो, ढोरं-लाकडं घेऊन येतो. या पुराला आवाज नव्हता. नदी नुसती काठावर आली, थोडी थांबली आणि रस्त्यावर चढली, एखादी बाई उंबरा ओलांडून घरात यावी तशी. पाचोळाही तरंगत नव्हता. दारांच्या कड्या बुडाल्या, खिडक्या बुडाल्या, आणि तरी सगळं दिसत होतं. अंगणातली खुर्ची दिसत होती. दोरीवर विसरलेला सदरा पाण्याखाली हात पसरून हळूहळू हलत होता. भट्टीच्या फळीवरचे पाव एकेक करून उठले आणि छताला जाऊन टेकले. रडायला कुणाला सुचलं नाही. एका लहान मुलीने विचारलं, "आपलं घर आत आहे का?" आणि तिच्या आईने तिचे डोळे झाकले.

बाई दर तासाला दुर्बिणीतून पट्टी वाचत होत्या. अडतीस. एकसष्ट. चौऱ्याहत्तर. पाच वाजता बावन्न. इथपर्यंत त्यांना सगळं आधीच माहीत होतं. यापुढे त्या बाकीच्यांसारख्याच आंधळ्या होत्या.

"आता पुढे किती?" आईने विचारलं.

"बाबांनी लिहिलंच नाही. पान कोरं आहे."

"लिहिणार कसे?" आई पाण्याकडे पाहत म्हणाली. "पाच वाजता ते घरी आले होते. तुला झोप लागली होती. तुला त्यांनी खांद्यावर घेतलं. मी विचारलं, आकडे लिहून झाले का? तर म्हणाले, आकडे जाऊ देत." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी त्यांना नंतर कधी हे म्हटलं नाही, की तुम्ही आलात ते बरं केलंत."

भट्टीवाले काका जवळच उभे होते. त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि आईला बसायला जागा करून दिली.

पाणी आणखी साठ सेंटिमीटर चढलं आणि दिवस मावळताना थांबलं. दोन दिवस तसंच उभं राहिलं. पक्षी त्यावर उतरत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आलं तसंच, न बोलता, उतरलं. माणूस एकही गेला नाही. लोक फावडी-झाडू घेऊन घरात शिरले आणि दारातच उभे राहिले, कारण चिखल नव्हता. भिंतींवर पाण्याची रेघही नव्हती. सगळं ओलं, स्वच्छ आणि बर्फासारखं गार. काय साफ करायचं हे न कळून बायका नुसत्याच घरभर फिरत होत्या. काकांच्या पावाला महिनाभर राखेचा वास येत राहिला. लोकांनी तो तसाच खाल्ला, आणि बाईंच्या वडिलांचं जुनं नाव पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बाईंना आत बोलावलं. प्रयोगशाळेचा अहवाल आला होता. पाण्याचं वय तीस ते पस्तीस वर्षं.

"वरचे म्हणतात, प्रकरण मिटवा," साहेब म्हणाले. "तुमचा हिशोब झाला का?"

बाईंनी कागद पुढे केला. डावीकडे त्या पावसात डोंगरावर पडलेलं सगळं पाणी होतं. शेवटच्या कोऱ्या तासांचा पाऊस त्यांनी नदीच्या चढावावरून काढला होता. उजवीकडे, त्या पाच दिवसांत पुलाखालून गेलेलं पाणी. साहेबांनी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

"हा तर तिसरा हिस्साच झाला, बाई."

"हो."

"बाकीचं?"

खिडकीबाहेर आळीतली माणसं आपापल्या खाटा उन्हात वाळवत होती. भट्टीच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"आळीतल्या घरांची खालची ओळ रिकामी ठेवायला सांगा, साहेब," बाई म्हणाल्या. "कधीपर्यंत, ते मला विचारू नका."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि आदेशाचा कागद पुढे ओढला.