दातांच्या दवाखान्यातली आई

मी कॅनव्हास बोलतोय. दातांच्या दवाखान्यात, पेशंट ताटकळत बसतात त्या खोलीत टांगलेला असलो, तरी भिंत झाकायला काही माझा जन्म झाला नव्हता.

माझ्यावर एक म्हातारी आहे, डोळे बारीक करून सुईत दोरा ओवणारी. जिने मला रंगवलं, तिची ही आई. आई गेली तेव्हा माझ्यावरचा तिचा डावा हात अजून ओला होता. आईचा धड फोटोही घरात नव्हता, होतो तो मीच.

मग आले गॅलरीवाले काका, तिच्या वडिलांचे दोस्त. प्रदर्शनात त्यांची एक भिंत रिकामी राहत होती.

"विकायचं नाही हं काका, नुसतं मांडायला," ती म्हणाली. चित्रकारांच्या संघटनेने तिला छापील कागद दिला होता: चित्र ठेवायला दिलंय, मालकी चित्रकाराचीच. तो तिने भीत भीत पुढे केला.

"अगं, कडेवर खेळवलंय तुला. माझ्याकडून सह्या घेतेस?"

ती ओशाळली. "छे हो काका," म्हणत कागद पर्समध्ये परत. भाजी चार वेळा पारखून घेणारी माणसं आई देताना मात्र भिडेला बळी पडतात!

सहा महिन्यांत काकांचं दिवाळं वाजलं आणि ते पसार झाले. कोर्टाच्या साहेबांनी गॅलरीला सील लावलं. ती धावत आली.

"साहेब, ही माझी आई आहे."

"बाई, कायदा तुमच्याच बाजूने आहे," साहेब भले होते. "ठेवायला दिलेलं चित्र गॅलरीवाल्याच्या देण्यापायी कुणी नेऊ शकत नाही. फक्त तसा कागद दाखवा."

कागद पर्समध्येच होता. त्यावर सही नव्हती.

लिलावात डॉक्टरांनी मला घेतलं, सोफ्याला शोभतो म्हणून. तिने विकत मागितलं, तर म्हणाले, "बायकोला फार आवडलंय हो." काकांना मी कधीच माफ करणार नाही.

चित्रं काढणाऱ्यांनो, सही मागायला लाजू नका. ज्याला सहीचा राग येतो, त्याची तर आधी घ्या.

ती दर महिन्याला गालावर हात धरून यायची आणि माझ्यासमोर बसायची. शेवटी डॉक्टर वैतागले, "दात ठणठणीत आहेत तुमचे. उगाच येऊ नका."

काल ती आली ती खरोखरच गाल सुजवून.

"दाढ किडलीय," डॉक्टर म्हणाले. "चार खेपा तरी माराव्या लागतील."

"चारच?" तिने विचारलं.